विमानाचं अंगडं

विमानाचा सांगाडा तयार झाला तिथेच काटेसाहेबांनी हात झटकून मोकळं व्हायला हवं होतं, असं त्यांच्या आईचं आजही मत आहे.

"किती सुरेख दिसत होतं रे तसंच," ती म्हणते. "माशाच्या काट्यासारखं. त्याला वरून अंगडं चढवायची दुर्बुद्धी कुठून सुचली तुला?"

आईला कोण समजावणार? फासळ्यांमधून वारा आरपार जात असेल तर विमान उडत नाही. वारा अडवायला पंखांवर काहीतरी ताणून बसवावं लागतं. आणि ते 'काहीतरी' असं हवं की वारा तर अडला पाहिजे, पण वजन वाढता कामा नये. या एका 'काहीतरी'नं काटेसाहेबांचे कित्येक रविवार खाल्ले, बायकोचा एक रेशमी स्कार्फ खाल्ला, घरातली शांतता खाल्ली आणि आणखी थोडी भूक असती तर खात्यातली अब्रूही चाटूनपुसून खाल्ली असती.

काटेसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानोदुकानी जायचं, तराजू खरा की खोटा ते पाहायचं आणि वजनांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. त्यांना आडनाव होतं, आणि चांगलं चार अक्षरी होतं. पण बाजारात "काटेवाले साहेब आले!" अशी आरोळी उठायची, तिच्यातलं 'वाले' हळूहळू झिजलं आणि उरलेलं त्यांना चिकटलं ते कायमचं. माणूस सरळ. इतका सरळ की काटा मधोमध आल्यावर भाजीवाल्यानं वर एक मिरची टाकली, तर ती उचलून परत द्यायचा. असा माणूस विमान करायला बसला की वजनाच्या बाबतीत तो काय छळ मांडेल, याची कल्पना घरच्यांनी आधीच करायला हवी होती.

विमान होतं हातभर लांबीचं. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या, काडेपेटीतल्या काडीहूनही बारीक पट्ट्या जोडून केलेलं. पुढे पंखा, आणि नाकापासून शेपटीपर्यंत ताणलेलं रबर. रबराला पीळ द्यायचा, सोडायचं, पीळ उलगडतो आणि पंखा फिरतो. हे सगळं त्यांनी निव्वळ हौस म्हणून केलं होतं आणि तो सांगाडा कपाटावर सुखानं धूळ खात बसलाही असता. पण कार्यालयाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती.

मोठ्या साहेबांनी सभा बोलावली. "बाहेरून कलाकार आणायचे नाहीत," ते म्हणाले. "आपल्यातच कला आहेत. सांगा, कोण काय सादर करणार?"

सुट्टीच्या दिवशी कोण ड्यूटीवर येणार असं विचारल्यावर पसरते, तशी शांतता पसरली. भांडारप्रमुख छताकडे बघू लागले. टंकलेखिका बाईंना अचानक खोकला झाला. आणि त्या शांततेत काटेसाहेबांच्या कानावर एक आवाज आला, "माझं एक विमान आहे." कुणाचा आवाज म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"उडतं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"उडेल," काटेसाहेब म्हणाले.

"खेळणं आहे ना? चालेल. लोकांना हसू येईल जरा." आणि मोठे साहेब पुढच्या विषयाकडे वळले.

खेळणं! हसू! काटेसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत, म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. दोन दिवसांत कार्यक्रमपत्रिका छापून आली. प्रमुख पाहुण्यांचं भाषण आणि आभारप्रदर्शन यांच्या मध्ये ठसठशीत अक्षरांत छापलं होतं: 'विमानोड्डाण'. बोललेलं मागे घेता येतं हो, पण सरकारी कागदावर छापलेलं मागे घ्यायला दुसरा सरकारी कागद लागतो, आणि त्यावर सही करणारे नेहमी दौऱ्यावर असतात.

पहिलं अंगडं कागदाचं झालं. तलम, पतंगाच्या कागदाहूनही पातळ कागद आणून काटेसाहेबांनी तो पंखांवर खळीनं चिकटवला. तो दिसत होता रात्रभर अंगाखाली घेतलेल्या चादरीसारखा, सगळीकडे सुरकुत्या. मग त्यांनी त्यावर बारीक पाण्याचा फवारा मारला आणि बघत बसले. कागद आधी आणखीच लोळला. मग वाळता वाळता एकेक सुरकुती आपण होऊन नाहीशी होऊ लागली. शेवटी पंख असा ताणला गेला की नखानं टिचकी मारली तर टण्ण आवाज यावा.

"अगं, ये ना इकडे! हे बघ!" त्यांनी बायकोला हाक मारली. बायको गाण्याच्या शिकवण्या घेते. तिनं टिचकी मारली, कान दिला आणि म्हणाली, "काळी दोन." आणि गेली. पण जाताना दाराशी थबकून तिनं एकदा मागे वळून पाहिलं, हे काटेसाहेबांच्या नजरेतून सुटलं नाही.

इथवर ठीक होतं. इतक्यात शेजारचे रंगकाका आले.

रंगकाका म्हणजे रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. उभा जन्म रंगात गेल्यामुळे जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात असं त्यांचं मत झालं होतं: रंगवलेल्या आणि रंगवायच्या राहिलेल्या. त्यांनी विमान उजेडात धरलं, डोळे बारीक केले आणि डॉक्टर जसा आधी सुस्कारा सोडून मग बोलतो, तसे बोलले.

"काटेसाहेब, फिनिश कुठाय?"

"हे काय, कागद आहे ना. वर पातळ डोपचा, म्हणजे त्या बिनरंगी रोगणाचा, एक हात देणार आहे. कागदाची छिद्रं बुजण्यापुरता."

"एक हात!" रंगकाका दुःखानं हसले. "उद्या हवेत ओल आली की हा तुमचा कागद ढेपाळेल. आणि सभागृहात मागच्या रांगेतल्या माणसाला हे दिसणार कसं? पांढरं विमान, पांढरी भिंत. लोक म्हणतील, साहेब नुसतेच हात वर करून उभे आहेत. आधी प्रायमर. मग घासायचं. मग लाल. मग पुन्हा घासायचं. मग पुन्हा लाल. वर वॉर्निश. दाढी करताना तोंड बघाल त्यात!"

विमानात तोंड बघून दाढी करायची गरज काय, हा प्रश्न काटेसाहेबांना पडला खरा, पण तो रंगकाका गेल्यावर. समोर होते तोवर ते नुसते मान हलवत राहिले. 'मागच्या रांगेतला माणूस' त्यांच्या मनात जाऊन बसला होता. तो हसत होता.

लाल विमान झालं मात्र देखणं. कपाटावरून नुसतं लखलखत होतं. फक्त एवढंच की प्रत्येक हाताबरोबर आतला कागद आणखी आखडत गेला आणि एक पंख वर, एक खाली असा पिळवटला. आणि वजन? रोज दुसऱ्यांची वजनं तपासणाऱ्या या माणसाच्या घरी स्वतःचा तराजू नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. म्हणून ते विमान घेऊन कार्यालयाच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे काचेच्या पेटीत खात्याचा सगळ्यात नाजूक तराजू असतो. इतका नाजूक, की त्याच्यासमोर मोठ्यानं बोलायलाही बंदी आहे.

तराजूच्या राखणीला भांडारप्रमुख. ते म्हणाले, "वस्तूचा प्रकार सांगा."

"विमान."

"विमान आपल्याकडे येत नाही. विमानाचं खातं वेगळं."

"अहो, खेळण्यातलं विमान." हा शब्द स्वतःच्याच तोंडून निघालेला ऐकून काटेसाहेबांना कसंसंच झालं.

"मग खेळणी. खेळणी डझनावर विकतात, वजनावर नाही. तेही आपल्याकडे येत नाही." भांडारप्रमुखांनी हनुवटी खाजवली. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त रकाना लागायचा. "लाल आहे. टोमॅटो म्हणून घालू का? किरकोळ फळभाजी?"

अशा रीतीनं किरकोळ फळभाजी म्हणून विमान तराजूवर चढलं आणि पारडं असं खाली बसलं की काटेसाहेबांनी डोळे मिटून घेतले. सांगाड्यापेक्षा रंगच कितीतरी जड झाला होता. संध्याकाळी घरच्या इमारतीच्या लांबलचक व्हरांड्यात त्यांनी ते सोडून पाहिलं. किल्ल्यांचा जुडगा फेकावा तसं ते गेलं आणि रंगकाकांच्या दाराशी ठेवलेल्या बादलीत नाकावर पडलं.

रंगकाकांनी ते बाहेर काढलं, पुसलं आणि अभिमानानं सांगितलं, "बघा. पाण्यात पडलं, पण रंगाला ओरखडा नाही."

त्यानंतर रेशीम झालं. बायकोचा स्कार्फ झाला. "विचारून घेतला असतात तर दिला असता, न विचारता घेतलात म्हणून देणार नाही," असं ती म्हणाली तेव्हा तो कापून झाला होता. इस्त्रीनं चिकटवायचं प्लास्टिकही झालं. त्यानं पंखाच्या फासळ्या तर वाकवल्याच, शिवाय इस्त्रीवर असा थर बसवला की पुढचे काही दिवस काटेसाहेब कार्यालयात चुरगळलेल्या शर्टानं गेले. मोठे साहेब जिन्यात भेटले की विचारायचे, "काय, झालं का खेळणं तयार?" आई रोज सकाळी तोच सल्ला द्यायची. "उघडंच उडव. चिमण्यांना कोण वॉर्निश लावतं?" आणि पत्रिकेवरची तारीख तर अंगावर धावून येत होती.

त्यात काटेसाहेबांची दाढ दुखायला लागली.

दातांच्या डॉक्टरीणबाई बडबड्या. समोरच्याचं तोंड उघडं असल्यामुळे त्यांना कुणी मध्येच तोडत नाही, ही सवय त्यांना पुढे बाहेरही नडत असे म्हणतात. त्यांनी काटेसाहेबांच्या तोंडात आरसा घातला आणि विचारलं, "बोटांना डोप लागलंय वाटतं? वासावरूनच ओळखलं. विमानं करता?"

"आँ," काटेसाहेब म्हणाले.

"मीही करायचे. कॉलेजात असताना. बंद सभागृहात उडवायची का बाहेर?"

"आ... आँ."

"सभागृहात? आणि वर कागद लावताय?" डॉक्टरीणबाईंच्या हातातलं यंत्र थांबलं. "अहो, कागद म्हणजे घोंगडी झाली! आत वारा नाही, पाऊस नाही, मग एवढं पांघरूण कशाला? आत उडवायच्या विमानाला पाण्यावरचा पडदा लावतात."

काटेसाहेबांचे डोळे विस्फारले. ते इंजेक्शनामुळे असावं असं समजून डॉक्टरीणबाईंनी त्यांचा खांदा थोपटला आणि सगळं सविस्तर सांगितलं. डोपसारखंच एक पातळ द्रावण असतं. त्यात चार थेंब एरंडेल घालायचं. रुंद भांड्यात पाणी घ्यायचं, ते निवांत होऊ द्यायचं आणि वरून द्रावणाची धार सोडायची. ते पाण्यावर पसरतं, क्षणात वाळतं आणि साय धरावी तसा पडदा धरतो. तो तारेच्या कड्यावर अलगद उचलून घ्यायचा. तोच विमानाचा पंख.

"जाडी किती?" तोंड मोकळं झाल्यावर काटेसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला. तोंड बधिर असल्यामुळे तो "वाली किवी?" असा आला.

डॉक्टरीणबाईंनी थोडा विचार केला. "जाडी म्हणण्यासारखं काही नसतं हो त्यात," त्या म्हणाल्या.

दाढ ठेवायची की काढायची हे विचारायचं राहूनच गेलं. घरी जाताना बसमध्ये काटेसाहेब गालावर हात धरून एकटेच हसत होते, आणि शेजारचा माणूस सरकून बसला.

काटेसाहेबांनी नवा सांगाडा केला, पहिल्याहून निम्म्या जाडीच्या पट्ट्यांचा. द्रावण डॉक्टरीणबाईंनीच मिळवून दिलं. एरंडेलाची बाटली आईच्या औषधांच्या फळीवर होती. ती उचलताना आईनं पाहिलं.

"पोट बिघडलंय?"

"विमानासाठी हवंय, आई."

"विमानाला जुलाब देणार?" आईनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं.

भांडं मिळेना. परात लहान पडली. शेवटी न्हाणीघरातला, ब्लँकेट भिजवायचा पत्र्याचा मोठा टब स्वयंपाकघरात आणून मधोमध ठेवला आणि काठोकाठ भरला. पंखे बंद. खिडक्या बंद. चूल बंद, म्हणजे चहा बंद, म्हणजे आईचं तोंड सुरू. घरभर पिकलेल्या केळ्यांचा वास सुटला. त्या द्रावणाला तसाच वास असतो. वासाच्या मागानं रंगकाका आले.

"काय शिजतंय?"

"काही नाही. काका, हळू चाला. हवा हलते."

"माझ्या चालण्यानं?"

"आणि बोलण्यानंही."

रंगकाकांचा इतका अपमान त्यांच्याच कारखान्यातही झाला नव्हता. पण बाहेर जायचं म्हणजे पुन्हा चालणं आलं, म्हणून ते होते तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. काटेसाहेबांनी चमच्यात द्रावण घेतलं, टबाच्या एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत हात फिरवत धार सोडली, आणि थांबले.

आधी काहीच दिसलं नाही. मग पाण्यावर काहीतरी झरकन धावलं. जिथे साधं नळाचं पाणी होतं तिथे सोनेरी झालं, सोनेरीतून तांबूस, तांबूसमधून जांभळं, मग मोराच्या मानेसारखं निळं, मग हिरवं. रंग एकमेकांत शिरले, वळसे घेत फिरले आणि हळूहळू निवले. टबभर जणू कुणी सकाळ पसरून ठेवली होती. स्वयंपाकघरातला तो साधा दिवा, त्या ठोकलेल्या कडांचा टब, फरशीवर सांडलेलं पाणी, सगळं होतं तिथेच होतं. फक्त मध्ये हे.

आई पाटावरून उठून टबाशी आली आणि पदरानं तोंड झाकून, आपला श्वास पाण्यावर पडू नये अशी वाकली. एरवी देवळातही ती इतकी वाकत नाही, कंबर दुखते.

"काटेसाहेब," बऱ्याच वेळानं रंगकाका कुजबुजले. आवाज त्यांचा वाटेना. "ह्यात रंग कुठला घातलात?"

"कुठलाच नाही, काका."

"थट्टा करू नका. हा निळा... असा निळा मला उभ्या आयुष्यात साधला नाही. काहीतरी घातलं असेल."

"खरंच नाही. पडदा इतका पातळ आहे की उजेडच त्यात असा दिसतो. साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. जरा जाड असला तर एक रंग, पातळ असला की दुसरा."

रंगकाका भिंतीवरून घसरत खाली बसले. "म्हणजे फिनिश आपोआप येतं," ते स्वतःशीच म्हणाले. "प्रायमर नाही. घासणं नाही." त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं, की त्या संध्याकाळी ते घरी फारसं बोलले नाहीत आणि तिला वाटलं ताप आला.

आता तो पडदा उचलायचा होता, आणि इथून पुढे काटेसाहेबांची खरी फजिती सुरू झाली. कडं पाण्याला लावलं की पडदा चिकटे, उचललं की फाटे. पहिला फाटला. दुसरा फाटला. तिसऱ्याच्या वेळी त्यांना शिंक आली आणि टबातली सगळी सकाळ एका कोपऱ्यात गोळा झाली. किती फाटले ते आईनं मोजले, पण काटेसाहेबांनी तिला आकडा सांगू दिला नाही. अंगावरचा घाम टबात गळायला लागला. "सोड आता," आई म्हणाली. "ज्याचं त्याला शोभतं. कागदाचंच उडव."

तेव्हा बायको पुढे झाली. "आणा इकडे. तुम्ही उचलताना श्वास सोडता. मी बघतेय मघापासून."

"मग काय श्वास घ्यायचाच नाही?"

"घ्यायचा. आधी. आणि मग धरून ठेवायचा. माझ्या मुली लांब तान घेताना हीच चूक करतात." तिनं कडं हातात घेतलं, डोळे मिटून पोटापर्यंत श्वास भरला आणि कड्याची एक कड पाण्याबाहेर काढायला सुरुवात केली. इतकी हळू, की ती काढते आहे की नाही तेच कळेना. पडदा पाण्यापासून सुटत होता. अर्धा सुटला. तिची मान ताठ झाली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काटेसाहेब तिच्याकडे बघत राहिले. पडद्याकडे नाही, तिच्याकडे. इतकी वर्षं पलीकडच्या खोलीतून ते गाणं ऐकत आले होते. गाणं कुठून येतं ते त्यांनी आज पाहिलं.

कडं पूर्ण वर आलं. त्यात काहीच नव्हतं. मग तिनं ते जरासं कलतं केलं आणि त्या 'काहीच नव्हतं'वरून जांभळा रंग वाहत गेला.

तिनं श्वास सोडला; तोंड वळवून, दाराच्या दिशेनं. "धरा," ती म्हणाली. "आणि शिंकू नका."

पडदा पंखाच्या चौकटीला चिकटवायला खळ चालत नाही, जड होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पट्टीला नुसती जीभ लावायची. तेव्हा एक राजपत्रित अधिकारी व्हायच्या वाटेवर असलेला माणूस स्वयंपाकघरात बसून विमान चाटत आहे, हे दृश्य त्याच्या मातोश्रींनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि सोसलं. कडेचा जादा पडदा तापवलेल्या तारेनं कापला. विमान उभं राहिलं तेव्हा तिथे नुसता सांगाडाच आहे असं वाटत होतं, पण डोकं हलवलं की पंखांवरून रंग पळत जायचे.

सभागृहात आणण्याच्या सामानाला भांडाराचा दाखला लागतो, म्हणून पुन्हा तो तराजू. विमान उघडं नेता येत नव्हतं, तेव्हा मोठ्या खोक्यात. भांडारप्रमुखांनी खोक्यात पाहिलं. "रिकामं आहे."

"वाकून बघा."

त्यांनी वाकून पाहिलं आणि वाकलेलेच राहिले. मग अतिशय आदरानं विमान पारड्यावर ठेवलं. काटा हलला, पण एखादा अधिकारी अभ्यागताला बघून मान हलवतो तितपतच. "एका ग्रॅमच्या आत," भांडारप्रमुख हळू आवाजात म्हणाले. "आपल्या दाखल्यात एक ग्रॅमच्या खालचं वजन घेतच नाहीत हो. शून्य लिहावं लागेल. आणि वजन शून्य म्हणजे वस्तूच नाही. जी वस्तूच नाही तिला दाखला कसा देऊ?"

"आणि जी वस्तूच नाही ती आत नेली तर अडवणार कोण?" काटेसाहेबांनी विचारलं.

भांडारप्रमुखांच्या चेहऱ्यावर नोकरीत पहिल्यांदाच नियम कळल्याचा आनंद दिसला. "जा घेऊन," ते म्हणाले.

सभागृहाच्या व्यवस्थापकानं "इंधन काय?" विचारलं, "रबर" म्हटल्यावर "ज्वलनशील?" विचारलं, पण तो दिवस आलाच. प्रमुख पाहुणे होते खात्याचे माजी मुख्य नियंत्रक. त्यांच्या भाषणाची ख्याती अशी की निवृत्तीच्या समारंभात ते बोलायला उभे राहिले तेव्हा सेवेत होते आणि बसले तेव्हा पेन्शन सुरू झालं होतं, असं लोक सांगतात. दुपारची वेळ, गच्च भरलेलं सभागृह. पाहुणे बोलले, बोलले आणि बोलले. मागच्या रांगा पत्रिकांनी वारा घेत होत्या. पुढच्या रांगा झोपल्या होत्या. अखेर पाहुणे म्हणाले, "दोन शब्द आभारानंतर आणखी बोलेन," आणि बसले.

"आता आपले काटेसाहेब एक खेळणं दाखवतील," मोठे साहेब माइकवर म्हणाले. थोडा हशा झाला.

काटेसाहेब उठले. "पंखे बंद करावे लागतील," ते म्हणाले. उकाड्यात पंखे बंद! सभागृहातून असा सूर उठला की त्यांना खोकं उचलून घरी पळावंसं वाटलं. तिसऱ्या रांगेत बायको बसली होती. तिनं काहीच केलं नाही, फक्त खोल श्वास घेऊन दाखवला. त्यांनी घेतला. पंखे थांबले. त्यांनी रबराला पीळ दिला, विमान बोटांच्या टोकांवर धरलं आणि सोडलं. फेकलं नाही, नुसतं सोडलं.

ते पडलं नाही. आधी लोकांना तेवढंच कळलं. मग ते पुढे सरकलं. माणूस विचार करत चालतो त्याहूनही सावकाश. पंखा इतका हळू फिरत होता की त्याची पाती दिसत होती. आवाज नाही. वळसा घेत घेत ते वर गेलं, आणि उंच खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप जिथे होती तिथे पोचलं, तेव्हा सगळं सभागृह एकदम "आ" म्हणालं. जे नाहीतच असं वाटत होतं त्या पंखांवरून सोनेरी, मग निळं, मग जांभळं झरझर वाहत गेलं आणि विमान उन्हातून बाहेर पडताच विझलं. पुढच्या वळशाला पुन्हा पेटलं.

पत्रिका हलायच्या थांबल्या. कुणी सांगितलं नव्हतं. लोकांनी आपणहून त्या मांडीवर ठेवल्या. चहाचा ट्रे घेऊन आलेला कँटीनवाला दारातच पाय उचललेला तसाच थांबला. टंकलेखिका बाईंना खरोखरच खोकला आला होता. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला. रंगकाका मागच्या रांगेत उभे राहून रडत होते की काय, ते लांबून नीट दिसलं नाही.

रबराचा पीळ संपत आला. विमान खाली येऊ लागलं, अगदी लोकांच्या डोक्यांवर. आता कुणाच्या तरी केसांत अडकणार आणि संपणार, असं काटेसाहेबांना वाटलं आणि त्यांनी ओठ चावला. पण डोक्यांवर हातभर अंतरावर आल्यावर ते थबकलं. आणि वर जाऊ लागलं. पंखा जवळजवळ थांबलेला, रबर सैल, तरी वर. काटेसाहेबांना आधी कळेना. मग कळलं आणि अंगावर काटा आला. एवढी माणसं दाटीवाटीनं बसली होती. त्यांच्या अंगाची, त्यांच्या श्वासांची ऊब वर चढत होती, आणि तेवढ्या उबेवर ते तरंगत होतं. लेखा विभागावरून ते आवक-जावकवर गेलं. रांगेमागून रांग, माना मागे टाकलेल्या, तोंडं उघडी, आणि प्रत्येक रांग त्याला थोडं थोडं उचलून पुढच्या रांगेकडे देत होती. हेच ते कार्यालय, जे पंचाहत्तर वर्षांत एक फाइल या टेबलावरून त्या टेबलावर धड सरकवू शकलं नव्हतं.

शेवटी ते व्यासपीठाकडे वळलं. मोठे साहेब खुर्चीत मागे मागे सरकले. विमान त्यांच्यासमोरून गेलं, पाण्याच्या ग्लासांवरून गेलं आणि प्रमुख पाहुण्यांच्या, टेबलावर पालथ्या टेकवलेल्या हातावर येऊन बसलं.

पाहुणे बघत राहिले. आपण हललो तर, आपण नुसतं 'मित्रहो' म्हटलं तरी हे उडून जाईल, हे त्यांनाही कळलं. आभार मानायला उठलेला माणूस माइकपर्यंत गेला, पाहुण्यांचा चेहरा पाहिला आणि माइक बंद करून चवड्यांवर परत फिरला. मग मोठे साहेब उठले, चपला हातात घेतल्या आणि चवड्यांवर निघाले. त्यांच्यामागे लेखा विभाग. मग आवक-जावक. सगळं खातं, साहेबापासून शिपायापर्यंत, हवा हलू न देता ओळीनं बाहेर गेलं. दारात कुणी कुणाला धक्का दिला नाही.

सभागृह रिकामं झालं. काटेसाहेब विमान उचलायला हळूहळू व्यासपीठावर चढले आणि त्यांनी हात पुढे केला.

"बसलंय ना अजून?" पाहुणे ओठ न हलवता कुजबुजले. "मला हाताला काहीच लागत नाही."

"बसलंय, साहेब. उचलतो आता."

"नको," म्हातारा म्हणाला. "राहू द्या जरा."

काटेसाहेबांनी एक खुर्ची ओढली नाही, उचलून आणली, आणि ते त्यांच्याशेजारी बसून राहिले.